निसटले तर कुठे जाईल? : घरच्या वर्कशॉपमधील सुरक्षिततेविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातील फुलेवाडीत राहणाऱ्या एका शिक्षकांनी घराच्या तळमजल्यावर, गाडी लावण्याच्या दहा बाय बारा फुटांच्या जागेत, स्वतःसाठी छोटे वर्कशॉप उभे केले आहे. चार इंची ग्राइंडर, टेबलावर बसवलेले ड्रिल मशीन, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि एक मार्बल कटर एवढी सामग्री त्यांच्याकडे आहे. गेल्या महिन्यात स्क्वेअर पाइप कापताना ग्राइंडर उसळला आणि पँट फाटली, मांडी मात्र वाचली. आता कोणती काळजी घ्यावी, कोणते साहित्य आधी विकत घ्यावे आणि अकरा वर्षांच्या मुलाला या कामाची ओढ आहे, तर त्याला जवळ येऊ द्यावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे.

मी आधी उद्यमनगरातील एका मशीन शॉपमध्ये आणि नंतर शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनमध्ये अशी एकूण ३४ वर्षे काढली आहेत, त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे. कारखान्यात आणि घरात एक मोठा फरक आहे, तो आधी लक्षात घ्यावा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्रांना कुंपण घालण्यापासून कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणापर्यंत स्वतंत्र कलमे घातली गेली आणि गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचे संरक्षक झाकण, काढलेले मशीन दिसले की सुपरवायझर ते बंद करायला लावतो. घरी असे कोणी नसते. शिवाय घरचे काम दिवसभराची नोकरी आटोपल्यावर, जेवण झाल्यावर, एका ट्यूबलाइटच्या उजेडात आणि बहुधा एकट्याने चालते. म्हणून साहित्याच्या यादीआधी मी एक सवय सांगतो. कोणत्याही यंत्राचे बटण दाबण्यापूर्वी स्वतःला विचारावे की, हे यंत्र, ही चकती किंवा हा तुकडा आत्ता निसटला तर कोणत्या दिशेने जाईल आणि त्या वाटेवर माझ्या शरीराचा कोणता भाग आहे. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत बटण दाबू नये.

आपला ग्राइंडर का उसळला असावा, हे आपण दिलेल्या वर्णनावरून मला जवळजवळ स्पष्ट दिसते. पाइप दोन्ही टोकांना विटांवर टेकवून मधोमध कापायला घेतला, की चकती अर्ध्याहून खाली गेल्यावर पाइप स्वतःच्या वजनाने आणि आपल्या दाबाने मध्ये वाकतो, कापाची वरची तोंडे एकमेकांजवळ येतात आणि चकती त्यांत चिमटते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो, म्हणजे १०० मिलिमीटरच्या चकतीची कड ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. ती कड जागच्या जागी अडली की तो सगळा जोर यंत्र उलट फेकण्यात जातो. उपाय साधा आहे. पाइपचा ठेवायचा भाग व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या दोन जबड्यांच्या पकडीत, घट्ट धरावा आणि कापून टाकायचा भाग मोकळा, अधांतरी ठेवावा, म्हणजे काप जसजसा खोल जाईल तसतसे त्याचे तोंड उघडत जाते. उभे राहताना चकतीच्या रेषेत राहू नये, तिच्या एका बाजूला उभे राहावे. बाजूचा दांडा लावलेलाच असावा आणि दोन्ही हात यंत्रावर असावेत. एका हाताने पाइप आणि दुसऱ्या हाताने ग्राइंडर धरून काम करणारे हात मी खूप पाहिले आहेत आणि त्यांतल्या काहींची बोटे पूर्ण नाहीत.

ग्राइंडरचा गार्ड काढण्याचे एक कारण नेहमी सांगितले जाते की, मोठ्या यंत्राची झिजलेली सात इंची चकती वाया जाऊ नये म्हणून ती लहान यंत्रावर लावायची असते. असे कधीही करू नये. प्रत्येक चकतीवर तिने सोसायचा कमाल वेग छापलेला असतो. चार इंची चकतीवर तो सुमारे १५,३०० फेऱ्यांचा असतो, तर सात इंचीवर ८,५०० च्या आसपास. आपले यंत्र ११,००० फेऱ्यांनी फिरते, म्हणजे ती मोठी चकती तिच्या मर्यादेच्या बऱ्याच वर फिरवली जाते. ती झिजून लहान झाली म्हणजे सुरक्षित झाली, असेही समजू नये, कारण ती कुठे टवका जाऊन किंवा तडकून कमकुवत झाली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. चकतीच्या मध्यभागी धातूचे जे कडे असते, त्यावर वापराची मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष कोरलेले असते, ते दुकानातच वाचून घ्यावे. रेझिनने बांधलेल्या या चकत्या साधारण ३ वर्षांपर्यंत वापरायच्या असतात आणि त्या दमट हवा शोषून घेतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओलसर असतात, तेव्हा चकत्या खिळ्याला टांगून न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, आडव्या, सपाट ठेवाव्यात. हातातून फरशीवर पडलेली चकती टाकून द्यावी. नवी चकती लावल्यावर ती माणसांपासून दूर रोखून अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवावी. कापायची चकती आडवी धरून घासण्यासाठी वापरू नये, कारण ती बाजूचा दाब सोसण्यासाठी बनवलेली नसते.

लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावू नये. यावर मी कोणतीही सवलत देणार नाही. दातेरी पाते लाकडाच्या गाठीत अडकले, की ग्राइंडर ज्या जोराने उसळतो तो जोर मनगटाला आवरत नाही, आणि मग ते पाते माणसाच्या गळ्यापर्यंत किंवा मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते. आपल्याकडील मार्बल कटरविषयीही हेच मनात येते, कारण हल्ली तो प्लायच्या फळीखाली उलटा बसवून घरच्या घरी टेबल सॉ तयार करण्याची पद्धत बोकाळली आहे. खऱ्या टेबल सॉला पात्याच्या मागे एक पातळ पोलादी पट्टी असते, ती कापलेल्या लाकडाची दोन अंगे मिटू देत नाही आणि त्यामुळे फळी आपल्या छातीकडे भिरकावली जात नाही. उलट्या कटरला ही पट्टी नसते, गार्ड नसतो आणि बटणही फळीखाली लपलेले असते. लाकूडकाम थोडेच असेल तर हातकरवत वापरावी. जास्त असेल तर नीट बनवलेले यंत्र घ्यावे.

टेबलावरचे ड्रिल मशीन शांत वाटते, म्हणूनच त्याच्याजवळ माणूस ढिला पडतो. पातळ पत्र्याला भोक पाडताना ड्रिल पलीकडे निघण्याच्या क्षणी पत्र्याची कड त्याच्या खाचेत अडकते आणि पत्रा हातातून हिसकावला जाऊन पंख्याच्या पात्यासारखा फिरू लागतो. पत्र्याखाली लाकडाचा तुकडा ठेवून दोन्ही सी-क्लॅम्पने, म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारख्या स्क्रूच्या पकडीने, टेबलाला आवळावेत, आणि भोक संपत आले की दाब कमी करावा. आता अंगावरच्या वस्तूंविषयी. चक, म्हणजे ड्रिल पकडणारा मशीनचा फिरता जबडा, मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर ते सेकंदाला १० होतात. धोका दिसल्यापासून हात मागे येऊ लागेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे तेवढ्यात चकचे दोन फेरे पूर्ण झालेले असतात आणि मनगटावरचा दोरा त्यावर जवळजवळ फूटभर गुंडाळलेला असतो. आपल्याकडे जोतिबाचा किंवा अंबाबाईचा दोरा, गंडा, कडे, अंगठी हे सारे श्रद्धेने घातले जाते आणि ते काढायला मन घेत नाही. मी कामगारांना सांगत असे की, वर्कशॉपच्या दाराशी खुंटी मारा, दोरा, कडे आणि अंगठी तिथे ठेवा, नमस्कार करा आणि आत या. अंगठी अडकून बोटाची कातडी मोज्यासारखी उतरल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याचे वर्णन इथे करत नाही. याच कारणाने ड्रिल मशीनवर आणि खराद मशीनवर हातमोजे घालू नयेत, कारण मोज्याचा एक धागा अडकला तरी त्याच्यामागे हात जातो. ग्राइंडर आणि वेल्डिंगसाठी मात्र अंगाबरोबर बसणारे चामड्याचे मोजे हवेतच. कीस हाताने किंवा फुंकरीने झाडू नये, त्यासाठी एक जुना ब्रश मशीनजवळ टांगून ठेवावा, आणि चकची चावी काम होताच चकमधून काढावी.

डोळ्यांविषयी जरा सविस्तर लिहितो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी बेंच ग्राइंडरवर काम करताना माझ्या उजव्या डोळ्यात लोखंडाचा बारीक कण गेला. शॉपमध्ये एक जाणते मिस्त्री होते, त्यांनी माझी पापणी उलटी करून, घडी घातलेल्या कागदाच्या टोकाने कण काढून दिला. तेव्हाची पद्धतच ती होती आणि त्यांचा हेतू चांगला होता, पण कणाचा अर्धा भाग बुबुळावरच राहिला. एका रात्रीत तिथे गंजाचे वर्तुळ तयार झाले, डोळा सुजला आणि शेवटी नेत्रतज्ज्ञांनी भूल देणारे थेंब टाकून तो गंज खरवडून काढला. तो पांढुरका डाग आजही आहे. तेव्हा डोळ्यात काही गेले तर चोळू नये, काडीने, कागदाने, रुमालाच्या टोकाने किंवा चुंबकाने काढू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि तरीही खुपत असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. एक प्रकार तर याहून फसवा आहे. हातोडा आणि छिन्नीच्या कामात छिन्नीच्या डोक्याची पसरलेली, फाटलेली कड तुटून उडते आणि डोळ्याच्या आत शिरते, पण कण इतका बारीक आणि वेगवान असतो की त्या वेळी फारसे दुखतही नाही. ठोकताना डोळ्याला काही लागल्याची शंका आली तर दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवावे, आणि धातूचे काम करत होतो हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण डोळ्यात लोखंड असताना एमआरआय करणे घातक ठरते. छिन्नीचे पसरलेले डोके ग्राइंडरवर घासून पुन्हा गोल करणे हे दोन मिनिटांचे काम आहे. साधा चष्मा बाजूने उघडा असतो, म्हणून आधी बंद सेफ्टी गॉगल आणि ग्राइंडरच्या कामाला त्यावर फेसशील्ड वापरावे. वायरब्रशच्या चाकालाही हीच काळजी लागते, कारण त्याच्या तुटलेल्या तारा सुईसारख्या येतात.

वेल्डिंगसाठी हेल्मेटमध्ये १० किंवा ११ क्रमांकाची काच असावी. एका हातात काच धरून दुसऱ्या हाताने टाका मारण्यापेक्षा डोक्यावर बसणारे हेल्मेट चांगले, कारण मग दुसरा हात मोकळा राहतो. आर्कचा प्रकाश डोळ्यांना लागला तर ते लगेच समजत नाही, ६ ते १२ तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखे होते आणि पाणी वाहू लागते. त्यावर बटाट्याचे काप ठेवणे, दूध घालणे किंवा कोणाकडचे उरलेले बधिर करणारे थेंब टाकणे, हे सारे टाळावे. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा प्रकाशही लागतो, म्हणून आपण दाराला जाड गडद पडदा लावावा आणि टाका मारण्यापूर्वी मोठ्याने सांगण्याची सवय ठेवावी.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपवर वेल्डिंग करताना जो पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा असतो. तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते आणि एक-दोन दिवसांत ते ओसरते, म्हणून अनेकजण त्याला साधा ताप समजतात. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर घासून काढावा, दार उघडे ठेवावे आणि पंखा असा लावावा की धूर तोंडासमोरून आडवा निघून जाईल. आपल्या भागात कामानंतर गूळ खाल्ला किंवा दूध प्यायले की धूर आणि धूळ बाहेर पडते, असे फाउंड्रीपासून सर्वत्र मानले जाते. कोल्हापूरच्या गुळाचा मला अभिमान आहे आणि मीही वर्षानुवर्षे तो शिफ्ट संपल्यावर खाल्ला आहे, पण तो अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूळ श्वासनलिकेतून फुफ्फुसात बसलेली असते, त्यांची गाठ पडत नाही. मार्बल कटरने ग्रॅनाइट, फरशी किंवा टाइल्स कापताना जी बारीक धूळ उडते, तिच्यात सिलिका असते आणि ती फुफ्फुसात कायमची राहते. रुमाल तिला अडवत नाही. एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क नाकावर नीट दाबून लावावा, आणि शक्यतो कापताना पाण्याची बारीक धार सोडावी.

पाणी आणि वीज एकत्र आली की पुढचा विषय टाळता येत नाही. घरातील एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की पडणारा स्विच, वायरचे रक्षण करतो, माणसाचे नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, लागतो आणि वर्कशॉपसाठी तो स्वतंत्र असावा. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे, तो पडला नाही तर वायरमनला बोलवावे. आरसीसीबी असला तरी अर्थिंग लागतेच. ज्या यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते, ते दुहेरी इन्सुलेशनचे असते आणि त्याला दोनच वायरी पुरतात, पण आपले ड्रिल मशीन आणि वेल्डिंग मशीन तसे नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि तीन वायरींचेच एक्स्टेन्शन हवे. पिन बसत नाही म्हणून अर्थची पिन कापणे हा गुन्हाच समजावा. वेल्डिंग मशीनसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचा सॉकेट आणि किमान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी, आणि गुंडाळलेले एक्स्टेन्शन पूर्ण सोडूनच वापरावे, कारण गुंडाळीत ते तापते.

इथे कोल्हापूरकरांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात असंख्य दुकाने आणि शेड बुडाली, आणि त्यातली यंत्रे अजूनही जुन्या बाजारात फिरतात. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या मशीनच्या मोटरचे झाकण उघडून आत गाळाची पिवळट रेघ आहे का, ते पाहावे. बुडालेली मोटर वरून कोरडी दिसली तरी इन्सुलेशन मेगर या मीटरने तपासल्याशिवाय सुरू करू नये, आणि पाण्याखाली गेलेले एमसीबी, आरसीसीबी व बटणे दुरुस्त न करता बदलावीत.

आगीविषयी थोडक्यात लिहितो. ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या ठिणग्या ३५ फुटांपर्यंत जाऊ शकतात, म्हणजे आपली संपूर्ण जागा आणि उभी असलेली दुचाकीसुद्धा त्यांच्या टप्प्यात येते. काम करताना गाडी, थिनर, रंग आणि भुसा बाहेर असावा, काम संपल्यावर किमान अर्धा तास जागेवर लक्ष ठेवावे आणि दाराजवळ एबीसी पावडरचे अग्निशामक असावे. सुटे भाग पेट्रोलने धुऊ नयेत. पेट्रोलची किंवा तेलाची रिकामी टाकी कधीही घरी वेल्ड करू नये, कारण रिकाम्या टाकीतील वाफ हीच स्फोटाला पुरेशी असते. लाकडाला अळशीचे तेल लावलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून ती दोरीवर पसरून वाळवावीत.

इतके करूनही लागले तर काय करावे, हे आधीच ठरलेले असावे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाने थेट, न सोडता दाब द्यावा. खोल जखमेत हळद, चहापूड किंवा कॉफी भरू नये, कारण डॉक्टरांना ती आधी खरवडावी लागते. बोट तुटले तर तो भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती बंद पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फावर थेट ठेवल्यास पेशी मरतात. भाजल्यास २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे, टूथपेस्ट लावू नये. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा आणि एकट्याने यंत्र चालवताना घरातल्या कोणाला तरी तसे सांगून ठेवावे.

खरेदीचा क्रम मी असा ठेवीन. सर्वांत आधी आरसीसीबी, त्यानंतर टेबलाला बोल्टने घट्ट बसवलेला चांगला जड व्हाइस आणि चार सी-क्लॅम्प, मग गॉगल व फेसशील्ड, मास्क, कानातले प्लग आणि अग्निशामक. व्हाइसला मी गॉगलच्याही आधी ठेवले आहे, हे पाहून काहींना आश्चर्य वाटेल, पण काम व्हाइसने धरले की दोन्ही हात आपोआप यंत्रावर येतात आणि मी पाहिलेल्या जखमांपैकी मोठा वाटा हातात धरलेल्या कामाचा होता. कानातले प्लग क्षुल्लक समजू नयेत. ग्राइंडरचा आवाज १०० डेसिबलपर्यंत जातो आणि तेवढ्या आवाजात दिवसाला १५ मिनिटांहून अधिक काळ उघड्या कानांनी राहणे श्रवणशक्तीला घातक मानले जाते. माझ्या पिढीतील अनेक मिस्त्री आज नातवंडांचे बोलणे ऐकू शकत नाहीत.

आता आपल्या मुलाविषयी. त्याला दाराबाहेर ठेवू नये, कारण बंद दारामागचे यंत्र मुलाला अधिक खुणावते आणि आपण घरी नसताना तो आत जातो. त्याच्या मापाचा स्वतंत्र गॉगल आणावा आणि तो घातल्याशिवाय आत यायचे नाही, हा नियम आपल्याला आणि त्याला सारखाच लागू असावा. त्याला व्हाइसमध्ये पट्टी धरून कानस चालवायला द्यावी, हॅकसॉने सळई कापू द्यावी, रंधा मारू द्यावा. विजेच्या यंत्राला त्याने अजून हात लावू नये, आणि ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असताना त्याने पडद्याबाहेर जावे. वर्कशॉपच्या सॉकेटांचा मुख्य स्विच कुलूप लागणाऱ्या पेटीत बसवून घ्यावा व किल्ली आपल्याजवळ ठेवावी. पहिल्या दिवशी त्याला कानस सरळ कशी धरायची ते दाखवताना तिला मूठ बसवलेली आहे याची खात्री करून घ्या. बिनमुठीच्या कानशीचे टोकदार शेपूट तळहातात घुसते आणि नवशिक्यांना होणारी पहिली जखम बहुतेक वेळा तीच असते.